पाळण्याजवळ जमलं, खाटेजवळ राहिलं

1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत कामाला आले, तेव्हा चंद्रपुरातून वेगळं होऊन या जिल्ह्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1993 पासून 39 गावांत नवजात बाळांच्या मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली. हजार जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. सेप्सिस हे त्याचं एक मोठं कारण होतं. त्यात संसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात.

मग गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचं रडणं क्षीण झालं, दूध ओढणं मंदावलं, अंग गार पडलं, बाळ सुस्त झालं की त्या सावध होत. आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत आणि को-ट्रायमोक्साझोल पाजत. अशा बाईच्या हाती सुई देणं आजही धाडसाचं वाटेल. पण सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं आणि तिसऱ्या वर्षी एकूण नवजात मृत्युदर हजारी 25.5 झाला. डिसेंबर 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. 2011 पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणं देशभरातल्या आशाताईंच्या कामात आलं.

आता शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीकडे या. कोळसा खाणी आणि आयुध निर्माणीच्या या गावात निवृत्त माणसं घरोघर आहेत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सेप्सिस झाला, तर खुणा जवळपास त्या बाळासारख्याच असतात. ताप येईलच असं नाही, उलट अंग गार लागतं. जेवण सुटतं, श्वास जलद होतो, लघवी कमी होते. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा बरळू लागतात किंवा नुसते पडून राहतात. मूळ असतं लघवीच्या संसर्गात, न्यूमोनियात, मधुमेहाने चिघळलेल्या पायात, पाठीवरच्या शय्याव्रणात. घरचे म्हणतात, वय झालं. मे महिना असेल तर म्हणतात, ऊन लागलं. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा नीट काम करत नसल्याने त्यांनाही हा धोका मोठा, आणि या दोन जिल्ह्यांत असे रुग्ण पुष्कळ आहेत.

2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका आली, 2015 मध्ये पंचवीसेक किलोमीटरवर चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 2017 मध्ये जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठराव केला. त्याच एका वर्षात जगात सुमारे 1 कोटी 10 लाख मृत्यू सेप्सिसशी जोडलेले होते, असा अंदाज पुढे आला. गाडी आली, दवाखाना जवळ आला, पण खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाकडे आरोग्यदूताच्या नजरेने बघायला घरच्यांना कुणी शिकवलं नाही. गडचिरोलीची सुई इथे जशीच्या तशी चालणार नाही. जेंटामायसिन थकलेल्या मूत्रपिंडांना बाधतं. उचलायची आहे ती नजर.

म्हणून घरातलं थोरलं माणूस एकाएकी बरळू लागलं, गार पडलं, धापा टाकू लागलं, तर कपाटात उरलेल्या गोळ्या देत सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, आणि डॉक्टर भेटताच विचारा: हा सेप्सिस तर नाही ना?