पाण्याचा हिशेब आणि जंगलं

मेक्सिकोत मिगेल आन्हेल दे केवेदो यांना ‘झाडांचा प्रेषित’ म्हणतात. बिरुद भावुक असलं, तरी माणूस हिशेबी होता. १८६२ साली ग्वादालाहारात जन्मलेले केवेदो पॅरिसला शिकून जलअभियंता झाले. ज्याला जंगल कळत नाही त्याने मेक्सिकोसारख्या डोंगराळ देशात पाण्याची कामं करू नयेत, असं तिथल्या एका प्राध्यापकाने त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

मायदेशी त्याचा प्रत्यय पावलोपावली आला. मेक्सिको शहर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलंय आणि त्या खोऱ्यातून पाण्याला नैसर्गिक वाट नाही. पूर टळावा म्हणून खोदलेला प्रचंड कालवा १९०० साली सुरू झाला. केवेदोंनी त्या कामावर देखरेख केली होती. पण उघड्याबोडक्या उतारांवरची माती पावसाबरोबर खाली येत राहिली, तर कालवा किती वेळा उपसणार? ओरिसाबा शहराजवळ वीजनिर्मितीसाठी नद्या पाहताना दुसरी बाजू दिसली. वर झाडं नसली की कोरड्या ऋतूत प्रवाह आटतो आणि जनित्रांची चाकं थंडावतात. झाडं वाचवा म्हणणारे पुष्कळ असतात; वीज कंपनीला तोट्याचा आकडा दाखवून तेच म्हणणारा विरळा.

मेक्सिको शहराच्या कोयोआकान भागात त्यांनी सरकारी रोपवाटिका उभी केली. ती आजही आहे. रोपांच्या वाफ्यांमधून लोक सकाळी धावायला येतात. वेराक्रूझ बंदरात वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या त्यांनी झाडं लावून थोपवल्या. १९१७ मध्ये त्यांच्या आग्रहाने ‘देसिएर्तो दे लोस लेओनेस’ हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. १९३५ साली राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी वन, शिकार आणि मासेमारीचं नवं खातं काढून ते त्यांच्याकडे सोपवलं. पुढच्या काही वर्षांत चाळीस राष्ट्रीय उद्यानं जाहीर झाली.

इथेच केवेदोंची मर्यादाही उघडी पडते. शहरातल्या चुली लोणारी कोळशावर पेटत होत्या आणि तो कोळसा पाडणाऱ्यांचं पोट जंगलावर होतं. केवेदोंना त्यांच्यात प्रामुख्याने वृक्षतोडे दिसले. कार्देनास गावांना जमिनी वाटत होते, तर केवेदोंना त्यात जंगलांचा धोका दिसत होता. सरकारने अखेर ते खातंच गुंडाळलं. १९४६ मध्ये केवेदो वारले. नकाशावर उद्यानं राहिली, पण त्यांतल्या बऱ्याच जमिनी गावांच्याच मालकीच्या होत्या, आणि गावकऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं.