कानाची गोष्ट : भाग ७ – कापूर की कापूस?

पान, मान, कान. तीन शब्द, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्या प्रौढाला यातले ‘पान’ आणि ‘मान’ बहुधा वेगळे ऐकू येतात. ‘पान’ आणि ‘कान’ यांत मात्र गफलत होते.

कारण मागच्या भागात पाहिलेल्या रचनेत आहे. निरोगी कॉक्लियात आतल्या केसपेशी साधारण ३,५०० असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम १२ ते २२ इलेक्ट्रोडांवर येतं, शिवाय एका इलेक्ट्रोडची वीज शेजारच्याच्या हद्दीतही पसरते. त्यामुळे आवाजाचे चढउतार आणि खंड नीट पोचतात, पण जोर कोणत्या कंपनसंख्येवर आहे हा तपशील पुसट होतो. ‘प’ आणि ‘क’ यांना वेगळं करणारा तपशील नेमका तोच, आणि तोही सेकंदाच्या काही शतांशांत उरकणारा.

इथे डोळे मदतीला येतात. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘क’ म्हणताना नाही. उलट ‘प’ आणि ‘म’ ओठांवर सारखेच दिसतात, तिथे इम्प्लांट पुरतो. फोनवर ही जोडी तुटते.

मग एवढ्या तुटपुंज्या माहितीवर बोलणं कळतं कसं? १९९५ साली रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगलं ऐकू येणाऱ्यांना त्यांनी तपशील काढून टाकलेलं, कंपनसंख्येच्या मोजक्या पट्ट्यांतले चढउतार तेवढे राखलेलं बोलणं ऐकवलं. अवघ्या तीन-चार पट्ट्यांवरही बहुतेक बोलणं ओळखू आलं. अर्थात, शांत खोलीत. गोंगाटात एवढ्यावर भागत नाही.

बाकीचं काम मेंदूचं. शब्द पुरा होण्याची वाट तो पाहत नाही. ‘कापू...’ कानी पडताच कापूर, कापूस, कापूसकोंडा असे सगळे उमेदवार उभे राहतात आणि पुढचा आवाज आला की एकेक गळत जातो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ॲशली फॅरिस-ट्रिंबल, बॉब मॅकमरे आणि सहकाऱ्यांनी ही चढाओढ नजरेवरून मोजली. पडद्यावर चित्रं, कानावर एक शब्द, आणि डोळे कुठे वळतात याची नोंद. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इम्प्लांटधारक प्रौढांची नजर बरोबर चित्राकडे जरा उशिरा वळली आणि मिळत्याजुळत्या शब्दांच्या चित्रांवर जास्त वेळ घुटमळली.

हा निव्वळ मंदपणा नसावा. आवाज धूसर असताना ‘कापूस’ला घाईने बाद केलं आणि पुढे वाक्य शेतीकडे वळलं, तर सगळं पुन्हा जुळवावं लागतं. उमेदवार राखून ठेवला की ती धावपळ वाचते. भाषा शिकण्याआधीच ऐकू येणं गेलेल्या इम्प्लांटधारकांत तर २०१७ च्या अभ्यासात याहून ठळक गोष्ट दिसली: शब्दाचा बराचसा भाग ऐकून होईपर्यंत त्यांचा मेंदू निवड सुरूच करत नाही.

दवाखान्यातल्या शब्दचाचणीत यातलं काहीच उमटत नाही. तिथे उत्तर बरोबर की चूक एवढीच खूण होते. ते झटकन सुचलं की खूप ताण देऊन, हे गुणांत दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात : इम्प्लांटमधून गाणं कसं ऐकू येतं?