वाण आणि गुण

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,' ही म्हण आपल्या गोठ्यात जन्मली. 'खाण तशी माती' हीही आपण नित्य ऐकतो. पहिली सांगते, संगतीने स्वभाव बदलतो. दुसरी सांगते, जे मुळात असेल तेच पुढे दिसते. विद्यार्थिमित्रहो, या दोहोंतील खरी कोणती?

भीमेच्या काठी वडगाव रासाईच्या शेतकऱ्यास हा प्रश्न अवघड वाटणार नाही. एकाच कणगीतील ज्वारीचे बी निम्मे काळ्या रानात व निम्मे मुरमाड माळावर पेरले, तर ताटे सारखी उंच होत नाहीत. पेरणाऱ्याच्या दृष्टान्तातही बी एकच होते. भेद होता तो जमिनीचा. परंतु जमीन कितीही कसदार असली, तरी ज्वारीच्या बियास ऊस येत नाही, हेही तितकेच खरे.

मनुष्याचे बी म्हणजे जनुके होत. त्यांचा निम्मा वारसा आईकडून व निम्मा बापाकडून येतो. मनुष्याच्या ठायी शरीरातील प्रथिने घडविण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके असतात. त्यांत प्रामाणिकपणाचे एक व आळसाचे एक, अशी वाटणी मात्र नाही. स्वभावाच्या प्रत्येक छटेस अनेक जनुके थोडाथोडा हात लावतात, आणि परिस्थिती त्यांच्याबरोबर काम करीत असते.

काही कल मात्र आपण पूर्वजांकडून घेऊन येतो. १८५९ साली चार्ल्स डार्विन यांनी नैसर्गिक निवडीचे तत्त्व मांडले. ते येथे लावून पाहावे. रानात भटकणाऱ्या आपल्या पूर्वजांना पिकलेले गोड फळ म्हणजे बळ देणारे अन्न होते. ज्यांस त्याची ओढ अधिक, ते तगण्याचा संभव अधिक. ती ओढ आपणांत उरली. आज साखर घरोघरी मिळते, तेव्हा तीच ओढ अपायकारक होऊ शकते.

भयाचेही तसेच. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. बंदिवासात वाढलेल्या माकडांना सापाचे भय नव्हते. दुसरे माकड सापास भिते, असे चित्रपटात दाखविताच ती भिऊ लागली. परंतु त्याच चित्रपटात सापाऐवजी फुले घातली, तेव्हा ती फुलांस भ्याली नाहीत. म्हणजे भय जन्मजात नव्हते. ते शिकण्याची तयारी जन्मजात होती.

भाषा हे दुसरे उदाहरण. १९८४ साली कॅनडातील संशोधकांस असे आढळले की, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या तान्ह्या मुलांस हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद ओळखता येतो; वर्ष भरत येते तोवर ही शक्ती बहुतांशी लोपते. आपल्या घरी हे वर्ण कानी पडत राहतात, म्हणून ती टिकते.

परिस्थितीचा आरंभ तर आईच्या उदरातच होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात 'ब-१२' जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले अवधानाच्या व अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत काहीशी मागे पडली. बुद्धीच्या इतर चाचण्यांत असा भेद दिसला नाही. त्या मुलांचे अवधान उणे दिसले, तर तो केवळ रक्ताचा दोष कसा म्हणावा?

'रक्तातच आहे' या वचनाने केवढा अनर्थ होतो, याची साक्ष इतिहास देतो. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या; पुढे आपल्याकडील पारधी व कैकाडी बांधवही त्या जाचात सापडले. मूल जन्मताच त्याच्या कपाळी डाग बसे. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

याच्या उलट उदाहरण भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातील केडगावी आहे. १८९७ च्या सुमारास पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणून मुक्तिसदनात आश्रय दिला. ज्यांस जग करंट्या म्हणे, त्या मुली लिहू-वाचू लागल्या, हातमागावर विणू लागल्या आणि छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. त्यांचे वाण बदलले नव्हते. केवळ जमीन बदलली होती.

तेव्हा दोन्ही म्हणी अर्ध्या-अर्ध्या खऱ्या आहेत. पालकांस एवढीच विनंती की, गणित चुकले म्हणून 'याच्या घराण्यातच विद्या नाही' असे मुलासमोर बोलू नये. तोही त्याच्या परिस्थितीचाच भाग होतो. आणि विद्यार्थ्यांनो, बी आपण निवडले नाही. परंतु नांगरणे, खुरपणे व पाणी देणे यांतील पुष्कळसे आपल्या हाती आहे.