समुद्रातला चातक

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी, तिच्यात दोन-चार सोनेरी मासे, तळाशी रंगीत खडे आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या, हे दृश्य मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांना नवे नाही. क्रॉफर्ड मार्केटातून पिशवीत पाणी भरून आणलेला मासा महिनाभर जगला तर घरात त्याचे कोण कौतुक! या माशांचे एक बरे असते. चिमूटभर कोरडे खाद्य टाकले की स्वारी खूश. गावाला जायचे झाले तर खाद्याची डबी शेजाऱ्यांच्या मुलाकडे द्यावी आणि निर्धास्तपणे गाडीत बसावे.

पण सृष्टीत काही जीव असे आहेत की त्यांचे एकच अन्न ठरलेले असते. ते मिळाले नाही तर भरल्या ताटावरून ते उपाशी उठतात. आपल्याकडे चातकाची गोष्ट सांगतात. पावसाच्या थेंबाखेरीज दुसरे पाणी तो पीत नाही म्हणे. खरा चातक पक्षी सुरवंटांवर मजेत जगतो, त्याचे ते व्रत कवींनी त्याच्या गळ्यात बांधलेले आहे. समुद्रात मात्र असे व्रत खरोखरच पाळणारा एक प्राणी आहे. जिवंत प्रवाळ सोडून तो दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. त्याचे नाव फुलपाखरू मासा.

गेली एकोणीस वर्षे मी नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. इथल्या लांबलचक, काळोख्या हिवाळ्यात माणसाला काहीतरी छंद लागतोच. मला खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचा लागला. २०२१ च्या वसंतात आमच्या मत्स्यप्रेमी मंडळातल्या एका आजोबांनी वृद्धाश्रमात जायचे ठरवले आणि आपला संसार वाटून टाकला. पुस्तके ग्रंथालयाला गेली, कपाटे नातवंडांना गेली. एक जोडपे मात्र घ्यायला कोणी पुढे येईना. ते फुलपाखरू माशांचे होते. शेवटी ते आमच्याकडे आले, आणि त्यानंतर आमच्या घरातले बरेच हिशेब बदलले.

आधी पाहुण्यांची ओळख करून देतो. फुलपाखरू माशांच्या कुळात सुमारे १३० जाती आहेत. त्यांचे शास्त्रीय नाव ‘किटोडॉन’ हे ग्रीक भाषेतून आले आहे. त्याचा अर्थ केसांसारखे दात असलेला. ब्रशासारख्या या बारीक दातांनी ते खडकावरचे भक्ष्य टिपतात. सगळेच काही प्रवाळावर जगत नाहीत. कोणी किडे-अळ्या खातात, कोणी पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपतात, कोणी मिळेल ते खातात. यातल्या बऱ्याच जाती मात्र कट्टर प्रवाळभक्षी आहेत. आमच्याकडे आलेले जोडपे अशाच एका जातीचे. ‘किटोडॉन ट्रायफॅसिएटस’ हे तिचे नाव. पिंपळपानासारखे चपटे अंग, त्यावर नारिंगी आणि निळसर जांभळी छटा, जणू टोकदार पेन्सिलीने ओढलेल्या बारीक आडव्या रेघा आणि डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा. लांबी फार तर पंधरा सेंटीमीटर. या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन १७९७ साली मंगो पार्कने केले. आफ्रिकेतल्या नायजर नदीचा शोध घेणारा म्हणून शाळेच्या इतिहासात भेटलेला तोच हा मंगो पार्क. आफ्रिकेला जाण्यापूर्वी जहाजावरचा डॉक्टर म्हणून तो सुमात्राला गेला होता, तिथे त्याला हा मासा भेटला.

पूर्व आफ्रिकेपासून जावापर्यंतच्या हिंदी महासागरात हा मासा राहतो. म्हणजे आपल्या लक्षद्वीपचाही तो रहिवासी. नर-मादी जोडीने राहतात, जोडीने फिरतात, आणि आपल्या हद्दीतल्या प्रवाळावर दुसऱ्या जोडीला फिरकू देत नाहीत. एकमेकांपासून जरा दूर गेले की लगेच शोधाशोध. आमच्या सौ. म्हणतात, ‘यांच्याकडून काही शिका!’

आता प्रवाळ म्हणजे काय, हेही सांगायला हवे. आपल्याला प्रवाळ म्हटले की मंगळाच्या अंगठीतले लाल पोवळे आठवते. ते वेगळे. भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्यांपासून दागिने होतात, पण त्यांची बेटे होत नाहीत. बेटे बांधणारे प्रवाळ उथळ, उबदार, उजेडाच्या पाण्यात वाढतात. दगडासारखी दिसणारी ती फांदी म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांची चाळ असते. प्रत्येक बिऱ्हाडकरू आपल्याभोवती चुन्याची भिंत बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडे म्हणून देते. फुलपाखरू मासा या चाळीतल्या बिऱ्हाडकरूंना एकेक करून टिपतो. चुन्याची भिंत तो फोडत नाही. इथे एक चोच, तिथे एक चोच असे करत तो दिवसभर फिरत राहतो. एका फांदीचा फडशा पाडून तिला तो मारून टाकत नाही. खाल्लेली जागा काही दिवसांत भरून येते. समुद्रात प्रवाळ अफाट असल्यामुळे हा व्यवहार हजारो वर्षे बिनबोभाट चालत आला.

घरातल्या काचेच्या पेटीत हा व्यवहार उघडा पडतो. मुळात प्रवाळ घरात जगवणे हेच कठीण काम. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक, नैसर्गिक समुद्रजल आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर घरात प्रवाळ जगवल्याचे लिहिले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी प्रखर दिवे आणि पाण्यातला मळ फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र वापरून ही विद्या बरीच पुढे नेली. आज समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणारा माणूसही लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मीठ कालवून समुद्र तयार करतो. पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवायचे. प्रवाळाला भिंती बांधायला चुना लागतो, म्हणून लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम सांभाळायचे. दर रविवारी मी चाचणीच्या नळ्या घेऊन बसतो तेव्हा आमची मुलगी म्हणते, ‘बाबांची पूजा सुरू झाली.’

एवढ्या कष्टाने वाढवलेली फांदी कोणी डोळ्यांदेखत कुरतडायला लागले तर? म्हणूनच प्रवाळ पाळणारे लोक या माशांना दारातही उभे करत नाहीत. आणि जे नुसते मासे पाळतात त्यांच्याकडे यांना खायला काही नसते. दुकानात हा मासा सुरेख दिसतो. घरी आणल्यावर तो नुसता फिरत राहतो, समोर टाकलेल्या कोळंबीकडे बघतो आणि निघून जातो. पोट खपाटीला जाते, पाठीचा वरचा भाग धारदार दिसू लागतो, आणि काही आठवड्यांत खेळ संपतो. व्यापारात येणारे हे मासे जवळजवळ सगळेच समुद्रातून पकडलेले असतात, हे लक्षात घेतले की या मृत्यूंचे खरे मोल कळते.

आजोबांनी मासे दिले तेव्हा एक जुनी वहीसुद्धा दिली होती. तिच्यात त्यांची युक्ती होती. माशांच्या पेटीशिवाय दुसरी एक पेटी ठेवायची, प्रवाळाची शेती करण्यासाठी. आमच्या तळघरात आता दोनशे लिटरची अशी पेटी आहे. तिच्यात भराभर वाढणाऱ्या प्रवाळांचे बोटभर तुकडे मी जाळीवर चिकटवून ठेवतो. समुद्रातून आणलेला एकही नाही. सगळे इथल्या हौशी लोकांनी आपापल्या घरी वाढवलेल्या प्रवाळांच्या छाटण्या आहेत, रीतसर कागदपत्रांसह. जास्वंदीची फांदी शेजाऱ्याला द्यावी तशी ही देवाणघेवाण चालते. वर्षभरात तुकड्याची मूठभर झुडपे होतात. अशा सहा जाळ्या आहेत. दर आठवड्याला एक जाळी वर पाहुण्यांच्या पेटीत जाते आणि आधीची कुरतडलेली जाळी खाली विश्रांतीला येते. पाच आठवडे आराम मिळाला की ती पुन्हा टवटवीत होते. शेतकरी जमीन पडीक ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

शिवाय शिंपले आणि कोळंबी वाटून त्याचा लगदा मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यावर थापायचा, अशीही सूचना वहीत होती. नराने सात महिन्यांनी त्याला तोंड लावले. मादीने आजतागायत लावलेले नाही. ती आपल्या व्रताला पक्की आहे.

खरी परीक्षा २०२२ साली आली. युक्रेनच्या युद्धानंतर जर्मनीत विजेचे दर भडकले. दोन पेट्यांचे दिवे, पंप, पाणी तापवणारी यंत्रे यांचे बिल बघून घरात बैठक बसली. सौ.चा प्रश्न साधा होता. ‘दोन माशांसाठी आपण महिन्याला एवढे पैसे मोजायचे, आणि मुलांच्या खोलीतला हीटर मात्र कमी करायचा?’ मी एका मोठ्या मत्स्यालयाला विचारून पाहिले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यांच्याही प्रवाळांना हे पाहुणे नको होते. तळघरातली पेटी बंद केली तर मादी महिन्या-दोन महिन्यांत मरणार हे ठरलेले. शेवटी तोडगा निघाला. मोठ्या पेटीतले दिवे कमी केले, पाहुण्यांव्यतिरिक्तचे बरेचसे मासे दुसऱ्यांना देऊन टाकले, आमची त्या वर्षीची भारतवारी पुढे ढकलली, आणि शेती चालू राहिली. पुण्याला आईला हे सांगताना मला शब्द जुळवावे लागले. ती म्हणाली, ‘घरात घेतलेल्या जिवाला उपाशी ठेवू नये, एवढे तुला कळते हे बरे आहे.’

या सगळ्यातून मला जे उमगले ते एका ओळीचे गणित आहे. प्रवाळ जितका वाढतो त्यापेक्षा कमी खाल्ला गेला तर मासा जगतो. आमच्या तळघरात मी हे गणित राखू शकतो. समुद्रात ते आता बिघडले आहे, आणि दोष माशाचा नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळाच्या अंगातले शैवाल निघून जाते. भाडे बंद होते, प्रवाळ पांढरा पडतो आणि परिस्थिती सुधारली नाही तर मरतो. लक्षद्वीपमध्ये असे मोठे तडाखे १९९८, २०१० आणि २०१६ साली बसले. तिथल्या दीर्घकालीन पाहणीनुसार जिवंत प्रवाळाचे आच्छादन १९९८ साली सुमारे ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या पांढरेपणाची घोषणा केली. त्या वर्षी लक्षद्वीपही पुन्हा होरपळले.

अशा वेळी फुलपाखरू माशांचे काय होते? २०१६ च्या तडाख्यानंतर शास्त्रज्ञांनी या माशांच्या ३८ जातींचे वर्तन तपासले. एरवी हद्दीवरून भांडणाऱ्या या माशांची भांडणे सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाली होती. ऐकायला बरे वाटते, पण कारण वाईट आहे. अन्न इतके कमी झाले की भांडायला लागणारी ताकद खर्च करणे त्यांना परवडेना. दुष्काळी गावात भाऊबंदकी थांबावी, तसे हे. म्हणूनच या माशांची संख्या आणि वागणूक पाहून प्रवाळाची प्रकृती ओळखता येईल, अशी कल्पना हवाईच्या अर्न्स्ट रीस यांनी पूर्वीच मांडली होती.

भारतातल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आपल्याकडे २००१ पासून बेटे बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे. समुद्रातून ते काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर कोणी शोभेचे म्हणून विकायला आणले तर घेऊ नका. आपला प्रवाळ पाहायचा तर तो पाण्यातच पाहावा. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राखाली एक मोठे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथेही प्रवाळ आहेत. महाराष्ट्राच्या आरमाराच्या नावाने ओळखली जाणारी ही बाग आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मग घरात प्रवाळ वाढवणाऱ्या आमच्यासारख्यांचा उपयोग काय? थोडासा आहे. फांदी कशी तोडावी, कशी चिकटवावी, कोणत्या उजेडात ती वाढते, हे ज्ञान हौशी लोकांच्या तळघरांतूनही तयार झाले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने मत्स्यपेटीत प्रवाळांची वीण घडवून आणण्याचे तंत्र बसवले, आणि त्यांच्या सहकार्याने २०१९ साली फ्लोरिडात दुर्मीळ होत चाललेल्या स्तंभ-प्रवाळाची वीण प्रयोगशाळेत झाली. पण समुद्र तापतच राहिला तर लावलेली रोपे जगणार कुठे, हा प्रश्न उरतोच.

कोणी विचारले की हे मासे पाळावेत का, तर माझे उत्तर नाही असेच आहे. ज्याचे पोट भरण्याची आपली ताकद नाही, त्याला सुंदर दिसतो म्हणून घरी आणू नये. आमच्याकडचे जोडपे जोवर आहे तोवर तळघरातली शेती चालेल. त्यांच्यानंतर दुसरे आणायचे नाही, हे घरात सर्वानुमते ठरले आहे. प्रवाळ मात्र वाढवत राहणार. निदान त्याच्या छाटण्या मागायला येणाऱ्या इथल्या शाळकरी मुलांना तरी मी सांगू शकेन, की दगडासारखी दिसणारी ही फांदी जिवंत आहे, आणि तिच्यावाचून उपाशी राहणारा कोणीतरी समुद्रात आहे.