जुन्या दोन मोटारी : निवड कशी करावी?

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरुड गावी एका कुटुंबाला जुनी मोटार घ्यायची आहे. साठवलेले पैसे मोजकेच आहेत. निवड चुकली तर ते पुन्हा उभे राहायला काही वर्षे जातील. पाहण्यात दोन पेट्रोल मोटारी आहेत. दोन्ही दहा वर्षांच्या. ‘अ’ गावातलीच, किनाऱ्याजवळ उभी असलेली, ३०,००० किलोमीटर धावलेली. ‘आ’ पुण्यात वापरलेली, ७०,००० किलोमीटर धावलेली. कोणती घ्यावी?

कमी धावलेली ती चांगली, असे कोणीही म्हणेल. पण किलोमीटरचा आकडा मोटार किती धावली एवढेच सांगतो (आणि तोही मागे फिरवलेला असू शकतो). ती कुठे व कशी उभी होती हे सांगत नाही.

पत्रा आणि खारा वारा

लोखंड गंजायला प्राणवायू आणि पाणी या दोन्हींची गरज असते. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर येतात आणि मिठाचे कण पत्र्यावर बसतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते हे तुम्ही पाहिलेच असेल. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून विरघळते. पत्र्यावरही तेच घडते. खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, म्हणून गंजण्याची क्रिया वेगाने चालते. मोटार चालो वा न चालो, गंज थांबत नाही.

गंज वरून दिसत नाही. रंगाखाली तो लपतो. म्हणून दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, पायाखालचे गालिचे उचलून तळ आणि गाडीखालचा सांगाडा पाहावा. लहानसे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते नीट चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याचा संभव असतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र चुंबक चिकटणारच नाही, हे लक्षात ठेवावे.

इंजिनाची नाडी

थंड इंजिन चालू करून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळते आहे. काळा म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. सकाळी सुरुवातीला थोडी पांढरी वाफ आली तर घाबरू नये. पेट्रोलमधील हायड्रोजनचे ज्वलन होऊन पाणी बनते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर मात्र थंड करणारे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असावे.

यापुढची परीक्षा मेकॅनिककडून करून घ्यावी. तो स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजतो. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा दाब फार कमी असेल, तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर दोष बहुधा झडपांत आहे. किती सोपा पण तर्कशुद्ध प्रयोग!

आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या मोटारीच्या रबरी नळ्या व सील त्याला टिकतील का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे.

उताराची परीक्षा

मुरुडहून दापोलीला जायचे म्हणजे चढ आला. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंच आहे. माणसांसह १,००० किलो वजनाची मोटार तेवढी उतरते तेव्हा

१,००० × ९.८ × २४० = सुमारे २३.५ लाख ज्यूल

एवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. आठ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत तापवायला एवढीच उष्णता लागते. काही भाग हवेचा विरोध आणि इंजिन घेते, उरलेला ब्रेक घेतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताजे असताना साधारण २०५ अंशांच्या वर उकळणारे तेल ओलाव्यामुळे १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. मग नळीत बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि ब्रेकचा पाय नुसताच खाली जातो. म्हणून कमी धावलेल्या गाडीतही तेल कधी बदलले ते विचारावे. टायरवरील चार अंकी शिक्काही वाचावा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते.

शेवटी गणित

समजा, ‘अ’ १,७०,००० रुपयांना मिळते व लिटरला १५ किलोमीटर जाते. ‘आ’ २,००,००० रुपयांना मिळते व १८ किलोमीटर जाते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. वर्षाला ६,००० किलोमीटर धावल्यास ‘अ’ला ४०० लिटर, ‘आ’ला सुमारे ३३३ लिटर लागेल. वर्षाचा फरक ६,७०० रुपये. पाच वर्षांत ३३,५००. म्हणजे स्वस्त गाडीच महाग पडली! पण वर्षाला २,००० किलोमीटरच जायचे असेल, तर पाच वर्षांचा फरक ११,००० रुपयांच्या आसपास राहतो आणि ‘अ’ परवडते. अर्थात तिचा पत्रा आणि ब्रेक वरील कसोट्यांना उतरले तरच.

करून पाहा : तीन सारखे लोखंडी खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत, एक साध्या पाण्यात अर्धा बुडवून, एक मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवा. आठ दिवस रोज नोंद करा. कोणता खिळा आधी गंजला? तुमच्या गावातील मोटारी यांपैकी कोणत्या खिळ्यासारख्या उभ्या असतात?