कानशिलाची दुखरी शीर

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे डोके दुखू लागले, की घरात कारणे शोधायला वेळ लागत नाही. ऊन लागले असेल, झोप झाली नसेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. यांतले एखादे कारण बहुधा खरेही निघते. परंतु क्वचित या डोकेदुखीच्या सोबतीला काही निराळ्या तक्रारी येतात. केस विंचरताना कंगवा लागला तरी डोक्याची कातडी हुळहुळते. त्या कुशीवर उशीला डोके टेकवत नाही. भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबले की बरे वाटते, पुन्हा चावू लागले की पुन्हा दुखतो. सकाळी खांदे आणि मांड्या इतक्या आखडतात, की सदऱ्याच्या बाहीत हात घालणे जड जावे. भूक मंदावते, वजन उतरते, अंगात कणकण राहते. आणि एखाद्या दिवशी एका डोळ्यापुढे दोन-चार मिनिटे काळोख दाटतो व निघून जातो.

हे सारे एकाच आजाराचे चेहरे असू शकतात. त्याचे नाव ‘जायंट सेल आर्टरायटिस’. जुन्या पुस्तकांत त्याला ‘टेम्पोरल आर्टरायटिस’ असेही म्हटलेले आढळते. शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या व मध्यम रोहिण्यांच्या भित्तिकांना शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेकडूनच दाह होतो. भित्तिका सुजून जाड होते, आतला मार्ग अरुंद होत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली या भित्तिकेत अनेक केंद्रके असलेल्या प्रचंड पेशी बऱ्याचदा दिसतात. त्यांवरूनच हे नाव पडले. कानशिलावरून जाणारी रोहिणी त्यात वारंवार सापडते. कधी ती दोरीसारखी टणक व दुखरी लागते, कधी तिच्यातला ठोका मंद होतो किंवा लागतच नाही. जबड्याच्या स्नायूंना रक्त कमी पडले, की चावताना कळ येते. दृष्टिचेतातंतूचे रक्त तुटले, तर तो डोळा जातो. अशी गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही आणि उपचार न झाल्यास थोड्याच दिवसांत दुसऱ्या डोळ्यावरही पाळी येऊ शकते.

पन्नाशीच्या आत हा आजार जवळजवळ होतच नाही. बहुसंख्य रुग्ण सत्तरीच्या पुढे-मागे असतात आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक. स्कँडिनेव्हियातील देश आणि तेथून स्थलांतरितांच्या वस्त्या जिथे झाल्या तो अमेरिकेतील मिनेसोटाचा प्रदेश, येथे त्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळते. भारतात तो दुर्मीळ मानला जातो. आपल्याकडील डॉक्टरांना ‘रोहिणीदाह’ म्हटले की आधी आठवतो तो ताकायासूचा आजार. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला हा विकार मुख्यतः तरुण स्त्रियांत दिसतो आणि आशियात तुलनेने अधिक आढळतो. म्हाताऱ्या माणसाचा रोहिणीदाह त्या मानाने मनात येत नाही.

इथे डॉक्टरांना बोल लावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वैद्यकीय अभ्यासक्रमात या आजाराचे नाव असतेच. पण पुस्तकात वाचलेले आणि रुग्णाच्या रूपाने समोर बसलेले यांत फार अंतर असते. सगळ्या हयातीत असा एकही रुग्ण न पाहिलेला डॉक्टर शंभर डोकेदुख्यांतून ही एक कशी निवडणार? त्यात रुग्ण एका दारी जात नाही. जबडा दुखतो म्हणून तो दंतवैद्याकडे जातो, खांदे आखडले म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे, डोके ठणकते म्हणून घराजवळच्या दवाखान्यात आणि अंधारी आली म्हणून चष्म्याच्या दुकानात. दंतवैद्याला डोळ्यांची तक्रार कळत नाही, हाडांच्या डॉक्टरला जबड्याची. प्रत्येकाचे निदान त्याच्यापुरते रास्त असते. सांधून पाहणारा मात्र कोणी नसतो. म्हणूनच या आजाराचे शिक्षण केवळ संधिवाततज्ज्ञांच्या परिषदांत देऊन भागत नाही. ते दंतवैद्य, चष्मा तपासणारे, फिजिओथेरपिस्ट आणि गल्लीतले डॉक्टर यांच्यापर्यंत गेले पाहिजे.

आजार तसा नवा नाही. १८९० मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी एका वृद्धाची हकीकत लिहिली. त्याच्या डोक्यावर लाल, दुखऱ्या रेषा उमटल्या होत्या आणि त्यामुळे त्याला हॅट घालता येईना. तेथे हॅट अडली, आपल्याकडे टोपी किंवा फेटा अडेल, एवढाच फरक. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानशिलाच्या रोहिणीचा तुकडा तपासून या आजाराची नीट ओळख करून दिली. स्टेरॉइड औषधे हाती आल्यावर दृष्टी वाचवणे शक्य झाले. तेव्हापासून प्रश्न औषधाचा उरला नाही, वेळेचा उरला.

वेळेचे महत्त्व किती, हे इंग्लंडमधील साउथएंडच्या रुग्णालयाने दाखवून दिले. तेथे संशयित रुग्णांसाठी वेगळी जलद वाट आखली गेली. ती वाट चालावी म्हणून परिसरातील डॉक्टरांना लक्षणांची ओळख करून देण्यात आली आणि संशय येताच थेट पाठवण्याची सोय झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील आकड्यांनुसार, जुन्या पद्धतीत ४६ पैकी १७ रुग्णांना कायमचे दृष्टिदोष आले होते. नव्या व्यवस्थेत ६७ पैकी ६ जणांना. औषध तेच होते. रुग्ण आधी पोहोचू लागले, एवढेच. ब्रिटिश संधिवाततज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की संशयित रुग्णाला शक्यतो त्याच दिवशी आणि कोणत्याही परिस्थितीत कामकाजाच्या तीन दिवसांत तज्ज्ञाने पाहावे. दृष्टीची तक्रार असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

निदानासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्या प्रथम होतात. दाह असला की दोन्ही बहुधा वाढलेल्या निघतात. आपल्याकडे यात एक गुंता आहे: क्षयरोग, रक्तक्षय, लघवीचा जंतुसंसर्ग अशा अनेक कारणांनी ईएसआर वाढतो, त्यामुळे वाढलेल्या आकड्याकडे दुर्लक्षही सहज होते. उलट, थोड्या रुग्णांत हे आकडे फारसे वाढलेले नसतात. पुढे कानशिलाच्या रोहिणीची सोनोग्राफी करतात. अनुभवी हात असेल तर सुजलेल्या भित्तिकेचे काळसर वलय तीत दिसते. रोहिणीचा लहानसा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हाही जुना व विश्वासाचा मार्ग आहे. मात्र दाह रोहिणीत तुटक-तुटक असल्याने तुकडा निर्दोष निघूनही आजार असू शकतो. संशय दाट असेल तर या अहवालांसाठी स्टेरॉइड अडवून धरत नाहीत. औषध सुरू झाल्यावरही काही दिवस बायोप्सीत आजाराच्या खुणा मिळतात.

घरच्या माणसांनी या शिक्षणात आपला वाटा उचलावा, असे मला मनापासून वाटते. डॉक्टरांना शिकवायला जाऊ नये, पण त्यांच्यापुढे सगळी हकीकत एकत्र ठेवावी. एका कागदावर लिहून न्या: डोकेदुखी केव्हापासून, पूर्वीच्या डोकेदुखीहून ती निराळी आहे का, चावताना जबडा थकतो का, सकाळी खांदे किती वेळ आखडतात, डोळ्यापुढे अंधारी किंवा एकाची दोन चित्रे दिसली का, वजन किती उतरले. आजोबा भाकरी सोडून मऊ भातच मागू लागले, तर ते ‘दात गेले’ म्हणून की जबडा दुखतो म्हणून, हे विचारा. ज्येष्ठ मंडळी या गोष्टी आपणहून सांगत नाहीत. वयाच्या माथी मारून मोकळी होतात. मग नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, हा कानशिलाच्या शिरेचा दाह असू शकेल का? ईएसआर, सीआरपी करून पाहू या का?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. दृष्टी क्षणभर जरी गेली, तरी उद्याची भेट न ठरवता त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.

स्टेरॉइडचे नाव काढताच घरात भीती पसरते, आणि ती अगदीच निराधार नाही. साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात, झोप उडते. मधुमेही आजींना ही गोळी देताना डॉक्टरही कचरतात. परंतु साखर औषधांनी आटोक्यात आणता येते. गेलेला डोळा आणता येत नाही. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे अन्य औषधे सोबत देतात. पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा घरात कुणाला असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण स्टेरॉइडने दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी टोसिलिझुमॅब या इंजेक्शनलाही मान्यता मिळाली. त्यामुळे काही रुग्णांत स्टेरॉइडची मात्रा लवकर उतरवता येते.

उपचार वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक चालतो. पहिल्या काही दिवसांतच डोकेदुखी थांबते आणि इथेच घात होतो: बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद केली जाते. अचानक स्टेरॉइड सोडणे स्वतःच धोक्याचे असते आणि आजारही उसळून येऊ शकतो. मात्रा डॉक्टरांनी सांगितलेल्या टप्प्यांनीच उतरवावी आणि या काळात जुनी डोकेदुखी किंवा जबड्याची कळ परतली तर लगेच कळवावे. रुग्ण लेकीकडे परगावी जाणार असेल, तर आजाराचे नाव, चालू गोळीची मात्रा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात किंवा बटव्यात असू द्यावी. तिथल्या डॉक्टरांनी हा आजार कदाचित प्रथमच पाहिलेला असेल.