पावडर चेहऱ्यासाठी, रंग बदलण्यासाठी नव्हे

वधू-वर परिचय मेळाव्यात अर्ज भरून घेण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे असते. नाव, शिक्षण, उंची लिहून झाली की 'वर्ण' हा रकाना येतो. तेथे मुलीची आई क्षणभर थांबते आणि हळूच म्हणते, "गव्हाळ लिहा, ताई." शेजारी बसलेली सावळी मुलगी मान खाली घालते. तिच्या चेहऱ्यावर सकाळीच थापलेली पांढरी पावडर असते. मान आणि हात मात्र आपला खरा रंग सांगत असतात.

भगिनींनो, पावडर लावण्यात गैर काहीच नाही. नीटनेटके दिसावे असे कोणाला वाटत नाही? पण पावडरचे काम काय, हे आधी समजून घेऊ. चेहऱ्यावरचा तेलकटपणा आणि चकाकी कमी करणे आणि आधी लावलेले क्रीम किंवा फाउंडेशन टिकवून धरणे, एवढेच तिचे काम. सावळ्याचे गोरे करणे हे तिच्या आवाक्यात नाही.

आपल्या घरात बहुधा अंगाला लावायची टाल्कम पावडरच चेहऱ्याला लावतात. ती पांढरी असते. सावळ्या त्वचेवर तिचा राखाडी थर दिसतो आणि घाम आला की ओघळ उठतात. चेहऱ्याची पावडर अधिक बारीक असते आणि वेगवेगळ्या रंगछटांत मिळते. सुटी पावडर घरी वापरायला बरी. दाबून वडी केलेली कॉम्पॅक्ट पर्समध्ये नेता येते.

निवडताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नका. हातावरही लावून पाहू नका, कारण हाताचा आणि चेहऱ्याचा रंग सारखा नसतो. जबड्याच्या कडेला थोडी लावा, दुकानाबाहेर उजेडात या आणि आरशात पाहा. जी छटा त्वचेत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली. दुकानदार "एक नंबर उजळ घ्या" म्हणाला, तरी ऐकू नका.

लावण्याची रीतही सोपी आहे. तोंड धुऊन कोरडे करा. साधे क्रीम लावून ते मुरेपर्यंत काही मिनिटे थांबा. ओल्या चेहऱ्यावर पावडरचे गोळे होतात. पफवर थोडीच पावडर घेऊन झटका. कपाळ, नाक आणि हनुवटीवर ती हलकेच दाबा, घासू नका. मग वरून खाली हात फिरवून जादा पावडर झाडा आणि मानेवरही पुसटसा हात फिरवा. त्वचा कोरडी असेल तर गालांवर पावडर नकोच. एप्रिल-मेच्या लग्नसराईत घाम आला की आधी रुमालाने टिपा. घामावर थर चढवू नका. लग्नाआधी मोबाइलवर फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहा. काही पावडरींमुळे फोटोत चेहरा पांढराफट येतो. आपल्या वधूची साडी पांढरी असते, त्यामुळे तो अधिकच डोळ्यांत भरतो.

पफ आठवड्याला साबणाने धुऊन उन्हात वाळवा. एकच पफ घरात चौघींनी वापरू नका. रात्री चेहरा धुऊनच झोपा.

आता आरोग्याचे. बऱ्याच पावडरी टाल्क या खनिजाच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. घाबरून डबी फेकून द्यावी असा याचा अर्थ नाही, कारण हा गट पुरावा किती बळकट आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. पण पावडर हवेत उडवू नका, गुप्तांगाजवळ लावू नका आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नका. डबीवर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत पाहूनच ती घ्या. आठवडी बाजारातली बिननावाची गोरे करणारी क्रीम तर हातातही धरू नका. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि पारा मूत्रपिंड खराब करतो.

गोरेपणाचा धंदा फार मोठा आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदलले, पण आपल्या अर्जातला रकाना तसाच राहिला.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, की स्वच्छ राहा आणि ज्या पेहरावावरून, दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते तो पेहराव व ते दागिने टाकून द्या. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. लुगडे नेसण्याची पद्धत बदलली, हातातले जड दागिने उतरवले. टाकायला सांगितली होती ती गुलामीची खूण. अंगाचा रंग ही काही गुलामीची खूण नव्हे.

म्हणून मुलींनो, पावडर जरूर लावा, पण आपल्याच रंगाची लावा. आणि मेळावे भरवणाऱ्या बांधवांनो, पुढच्या वेळी अर्ज छापाल तेव्हा 'वर्ण' हा रकाना गाळा. त्या जागी 'पुढे काय शिकायचे आहे?' असे विचारा. मग ती मुलगी मान वर करून उत्तर देईल.